जी नोंद मी केली नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ज्वारीच्या बिबड्या, आमच्याकडचे पापड. ओल्या फडक्यावर थापलेली बिबडी मी उन्हातल्या खाटेवर उलटी टाकायचो आणि माझी बायको फडकं अलगद सोडवायची. माझ्या हातून दोन फाटल्या. "पोलिसमा जलम गया, पन हात काही वळना नही," ती म्हणाली. मग खाटेखाली दाबून ठेवलेला पेपर तिनं माझ्यापुढे धरला. तुरुंगात असलेल्या भाऊंचा जामीन पुन्हा नामंजूर झाला होता. कारण दिलं होतं, आरोपी पळून जाण्याच्या तयारीत असताना पकडला गेला.

"पळी जावानी तयारी?" ती म्हणाली. "मना हातना चहा पिसन गयात ना भाऊ!"

ती केस माझ्या डोक्यातून एक दिवसही गेलेली नाही.

मी सातवी शिकलेला. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. शेवटची वर्षं धुळ्यात काढली. देवपुरातले भाऊ म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. आवाज असा की बेल न मारता गाडी थांबायची. तोच आवाज पुढे मोर्च्यात लागला. केंद्राचा नवा कायदा आला की भाऊ कलेक्टर कचेरीसमोर हजर.

मोठा मंत्री येणार असला की आमच्याकडे एक रीत होती. आदल्या दिवशी गोपनीय शाखेची खबर यायची, अमका काळे झेंडे दाखवणार. सकाळी मी त्याच्या घरी जायचो. "चला भाऊ, चहाला." तो दिवसभर ठाण्यात बसायचा, पोहे खायचा, दुपारी बाकावर झोपायचा. ताफा गेला की मी त्याला घरी सोडायचो. डायरीत नोंद करायची नाही. नोंद झाली की चारित्र्य पडताळणीत ती निघते, पोराच्या नोकरीला आडवी येते. म्हणून आम्ही दयेपोटी लिहीत नव्हतो. मला त्याचा अभिमान होता.

चार वर्षांपूर्वीच्या त्या दिवशीही तसंच. मी गेलो तर भाऊ पिशवी भरून तयारच. डबा, चादर, कपड्यांचा जोड, शुगरच्या गोळ्या.

"जमादार, या खेपेला पोहे तिखट सांगा," ते म्हणाले. "मागच्या वेळी दवाखान्यासारखे होते."

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. त्या दारात होत्या. मी म्हणालो, "अक्का, संध्याकाळी साडेसहाला घरी." वाटेत माझ्या घरी भाऊंनी चहा घेतला. मग माझ्या मोटारसायकलवर मागे बसून ठाण्यात आले.

अकराच्या सुमाराला पांढरी गाडी आली. दिल्लीच्या तपास यंत्रणेचे तीन जण. दुसऱ्या राज्यातल्या एका मोर्च्यात भाऊ बोलले होते, त्यावरून सरकार उलथवण्याचा कट म्हणून गुन्हा दाखल होता. त्यांना भाऊंना शोधावंच लागलं नाही. मीच आणून बसवले होते.

आमच्या निरीक्षकांनी वरती फोन लावला. हद्द आपली, माणूस आपला, आधी आपल्याला कळवायला नको? वरून उत्तर आलं, सहकार्य करा.

वायरलेसच्या खोलीत चौकशी झाली. मी दाराशी उभा. "किसके कहने पर बोलते हो?" साहेबानं विचारलं.

"पच्चीस साल कंडक्टर था, साहब," भाऊ म्हणाले. "बिना किसी के कहे चिल्लाता हूँ."

साहेब हसला नाही. पिशवी उलटी केली. डबा, चादर, कपड्यांचा जोड, गोळ्या. त्यानं लिहायला घेतलं. गाडीत बसताना भाऊ माझ्याकडे बघून एवढंच बोलले, "अक्काला काय सांगणार, जमादार?"

अटकेचा कागद मी नंतर वाचला. आरोपी बॅगेसह पळून जाण्याच्या तयारीत देवपुरात मिळून आला. डायरीत माझी एक ओळ असती, तर तो कागद टिकला नसता. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही काही दिवसांनी पुसलं गेलं. मी निरीक्षकांना म्हणालो, मी कोर्टात खरं सांगतो. ते म्हणाले, "जमादार, मग नोंद न करता माणूस डांबला कसा, ते आधी सांगा. त्यांच्याआधी तुम्ही आत जाल."

मी गप्प बसलो. चार वर्षं. अक्कांच्या गल्लीतून जाणं सोडलं.

ओट्यावर लोक भांडतात. एक म्हणतो, कायदा-सुव्यवस्था राज्याची, दिल्लीनं का घुसावं? दुसरा म्हणतो, देशाविरुद्ध बोलेल त्याला कोणी का धरेना. आबा, तुम्ही सांगा, असं मला विचारतात. मला एवढंच कळलं, सरकार कोणाचंही असो, माणसानं ठाण्याचा उंबरा ओलांडला की तो आधी कागदावर आला पाहिजे. तो कागद त्याच्यासाठी असतो. आम्ही दया केली आणि तोच त्याच्या हातातून काढून घेतला.

त्या दिवशी बिबड्या टाकताना खाटेपाशी मी हे सगळं बायकोला पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "तुमले भ्याव वाटस ना? मी सांगसू कोर्टमा. माले कोन जेलमा टाकी?"

मी म्हणालो, "बघू."

त्याच दुपारी तिच्या छातीत कळ आली. सिव्हिलला पोचेपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी पांझरा नदीच्या काठी अग्नी दिला.

पुढे मी माझा जबाब भाऊंच्या वकिलाला दिला. ते म्हणाले, "आबा, फार उशीर केलात. नोंद नाही, दुसरा साक्षीदार नाही." भाऊ अजून आतच आहेत.

तो जबाब मी लिहिला तिला अग्नी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. बिबड्या खाटेवर तशाच होत्या. पाहुणे उठायच्या आत मी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसलो आणि ठाण्याच्या डायरीत लिहायची तशी ती नोंद लिहिली: सकाळी नऊ वाजता. सदर इसम माझ्या घरी चहा पिऊन, माझ्यासोबत, स्वखुशीने हजर. सोबत डबा, चादर, कपड्यांचा जोड, औषध. पळून जात नव्हता. साक्षीदार, माझी पत्नी. मयत.