डाव्या हातानं लिहिलेली चिठ्ठी

नव्या बुटांचा खोका उघडला की त्या रबराच्या वासानं मला गारखेड्यात मी शिकवायचे त्या शाळेची प्रयोगशाळा आठवते. त्या दिवशी नववीच्या मुलांना मैदानावर पिटाळून मुलींना तिथं बसवलं होतं, कारण वयात येण्याबद्दल सांगायला डॉक्टरीणबाई आल्या होत्या. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मीच मुलींना म्हणाले, "प्रश्न डाव्या हातानं लिहा गं, आणि ह्या बुटांच्या खोक्यात टाका." चिठ्ठी आधी मी वाचायची आणि मग डॉक्टरांकडं द्यायची, असं मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं, त्या शेजारीच बसल्या होत्या. सगळ्या चिठ्ठ्या वेड्यावाकड्या, शेवटची मात्र मोत्यासारख्या अक्षरातली निघाली: 'मला मुलगीच आवडते. हा आजार आहे का?' वर्गात डावखुरी एकच होती, हे तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. मुख्याध्यापिकाही ते अक्षर ओळखतील म्हणून मी चिठ्ठी मुठीत दाबली. "मॅडम, अजून राहिली का एखादी?" डॉक्टरांनी विचारलं. खिडकीजवळच्या बाकावरून ती पोर माझ्या मुठीकडं बघत होती. मी म्हणाले, "नाही." आता निवृत्त होऊनही वाटत राहतं, तिच्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच होतं, आणि ते मला येत होतं.