खाली

धोंडूकाकांची चहाची टपरी डोईफोडिया गावाच्या पुढे, जंगलातल्या धबधब्याच्या माथ्यावर. कागद कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणूस घरी बसला असता, पण इंदुबाई बसू देईल तर ना! नवऱ्यानं वर चहा उकळायचा, तिनं खाली पाण्याजवळ भुट्टे भाजायचे. पिकनिकवाले भुट्ट्यासाठी रांग लावायचे.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आभाळ भरून आलेलं. काका म्हणाले, "आज खाली जाऊ नको." ऐकते कुठली! शेगडी उचलली नि गेली. काका फुगून बसले.

दुपारी वर डोंगरात पाऊस कोसळला. धबधब्याची देखरेख करणाऱ्या गावसमितीचा चौकीदार जितेंद्र, इंदूरकडचा पोरगा, मराठीचा गंध नाही. त्यानं शिट्ट्या मारून लोकांना वर काढलं आणि लांबूनच ओरडला, "काका, नीचे सब खाली?"

पाण्याच्या आवाजात काकांना शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला. वाटलं, काकी खाली आहे का, विचारतोय. घुश्शातच ओरडले, "हो, खाली!"

आपलं खाली म्हणजे तळाला, त्याचं खाली म्हणजे रिकामं. अहो, जन्म गेला या हिंदी मुलखात, काकांना हे ठाऊक नव्हतं होय? पण रागात कुठलं सुचतंय! पोरानं दोर बांधून वाट बंद केली नि पलीकडच्या काठाला पळाला.

इंदुबाई खडकाआड शेगडी आवरत होती. पाणी आलं. लोकांनी दोर टाकून ओढलं म्हणून वाचली, पण पाय दगडाखाली चिरडला तो कायमचा.

जितेंद्र रडून सांगत होता, काकाच खाली म्हणाले. समितीनं काकांना विचारलं. काका म्हणाले, "मी काही बोललोच नाही." जीभ कशी रेटली, देव जाणे! पोराची नोकरी गेली.

तेव्हापासून इंदुबाई काकांच्या खांद्यावर हात ठेवून चालते आणि जितेंद्रला शिव्या घालते. वर म्हणते, "तुम्ही आहात म्हणून निभतंय हो." काकांना घास उतरत नाही.

काल जितेंद्र टपरीवर आला. हातात मावा जिलबीचा पुडा. इंदुबाईनं तोंड फिरवलं. पोरानं हात जोडले. "काकी, माफ कर दो. काका बोले ही नहीं थे. मेरे ही कान बजे होंगे."

काकांनी हातातली किटली ठेवून दिली. पोरगा स्वतःच्याच कानांना खोटं ठरवून बसला होता!

"तुझे कान बरोबर होते," काका कसेबसे म्हणाले. "मी म्हणालो होतो, खाली. नंतर खोटं बोललो."

इंदुबाईनं नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग पुडा घेतला, एक जिलबी पोराच्या हातावर ठेवली. घरी जायची वेळ झाली तशी ती उठली. काका सवयीनं खांदा पुढे करून उभे राहिले.

तिनं जितेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालू लागली.