दोऱ्याचं टोक

उल्हासनगरात साड्यांच्या एका दुकानाबाहेर म्हातारे शिंपीकाका बसायचे. साडीला फॉल लावायला मी त्यांच्याकडेच जायचे, पण नाव कधी विचारलं नाही. त्यांच्यापुढे बाटलीचं झाकण पाण्याने भरून ठेवलेलं असे. सुईत ओवण्याआधी दोऱ्याचं टोक ते त्यात बुडवत. बाकीचे शिंपी ते जिभेवर ओलं करतात, म्हणून मी एकदा हसत विचारलं.

"तोंडात थुंकीच नाय ताई," ते म्हणाले. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. "बीपी, शुगर, लघवी, झोप, सगळ्याच्या गोळ्या. तोंड पार सुकलंय. चपाती चहात बुडवली तरी घशात अडकते."

"डॉक्टरांना सांगा ना."

"सांगितलं. ते म्हणतात, घोट घोट पाणी प्या. पायाच्या सुजेवाला डॉक्टर म्हणतो, पाणी मोजूनच प्यायचं."

मला दोघांचाही संताप आला, पण करणार काय? पर्समधली आवळासुपारी काढून मी त्यांना दिली. नुसत्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बराच वेळ वाट पाहिली.

मग तो कोरडाच तुकडा काढून कागदात गुंडाळला आणि दोऱ्याचं टोक झाकणातल्या पाण्यात बुडवलं.