देवाच्या नावाचं घोंगडं

केराबाईच्या हातचं लोकरीचं सूत सांगोल्याच्या अख्ख्या धनगरवाड्यात नावाजलेलं. नवरा गुंडा मागावर घोंगडी विणायचा आणि शाबासकी एकटाच घ्यायचा. सूतच धड नसेल तर विणणारा काय कपाळ विणणार? पण हे त्याला कधी कुणी सुनावलं नाही, केराबाईनेही नाही.

तिला त्रेचाळिसावं लागलं त्या साली गुंडाने कोकरांची पहिल्यांदा कातरलेली मऊ लोकर आणली. बिरोबाला घोंगडं वाहायचंय, जीव ओतून सूत काढ, म्हणाला. एकुलती लेक दुर्गा सासरी गेल्यापासून केराबाईला घर खायला उठत होतं. आता आपलं कुणाला काय काम, असं सारखं वाटायचं. देवाचं काम अंगावर आलं आणि तिला पुन्हा हुरूप आला. दोन महिने एकवेळ जेवून ती चरख्याला बसली.

बिरोबाच्या जत्रेला ती पुढे गेली. गुंडा मागून घोंगडं घेऊन येणार होता, तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी घरी परतली तर दारात मांडव. आत तिच्याच सुताचं घोंगडं अंथरलेलं, त्यावर हळद आणि अक्षता सांडलेल्या, आणि मधोमध दुर्गाच्या वयाची नवरी. धनगराच्या लग्नात वधूवरांना घोंगड्यावर बसवतात, ही रीत तिला काय नवी होती? तीही एकदा अशीच बसली होती. सासू तानाबाई म्हणाली, वंशाला दिवा नको का? मुंडावळ्या बांधलेला गुंडा घोंगड्यावरच्या अक्षता वेचत राहिला.

सवत आली म्हणून ती मोडली नसती. गावात असं घरोघर चालायचं. पण सवतीचं आसन त्याने तिच्याच बोटांकडून, तेही देवाचं नाव सांगून करून घेतलं होतं. ते काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना.

आठव्या दिवशी चरखा आहे तिथेच सोडून तिने सोलापूर गाठलं. गावची सोजरबाई तिथे कापडगिरणीत सुताच्या कांड्या भरायची, तिच्या खोलीवर उतरली आणि तिच्याच ओळखीने त्या कामाला लागली. यंत्रांच्या आवाजाने पहिले पंधरा दिवस डोकं भणभणलं. शेजारच्या पोरी तिला बघून तेलुगूत काहीबाही बोलायच्या आणि हसायच्या. पण तुटला धागा जोडावा तो केराबाईनेच. महिन्याभरात त्याच पोरी तिच्याकडे शिकायला येऊ लागल्या.

दीड वर्षाने गुंडा लोकरीचं गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. धाकटीचं सूत मागावर टिकत नव्हतं.

"एवढं काढून दे की. घरचंच काम हाय," तो म्हणाला.

केराबाईने गाठोड्यात हात घातला. तशीच मऊ लोकर. बोटं आपसूक पीळ द्यायला लागली, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. तिने गाठ मारून गाठोडं त्याच्या हातात परत दिलं.

"हितं मी भरते त्या कांड्यांचं लुगडं कोन नेसतं, मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "पन कुनी देवाचं नाव सांगून भरून घेत न्हाय. तुमी जावा."