शेवग्यासमोरचा बंगला

आम्ही कॉलनीतले पाच-सहा जण सकाळी फिरायला निघतो आणि परत येईपर्यंत एखादा तरी किस्सा हाती लागतोच. जालन्यात एवढी सावली दुसरीकडे कुठे, असं आम्ही पाहुण्यांना ऐकवतो. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते ऐकवत नाही.

*

बंगले सगळे एकाच बिल्डरचे, रंगही एकच. एकदा मी फोनवर बोलत-बोलत घरात शिरलो, बूट काढले, सोफ्यावर बसून पाणी मागितलं. पाणी घेऊन आल्या शेजारच्या वहिनी! म्हणाल्या, "आता आलातच, तर जेवूनच जा."

*

मग बदनापूरहून इंदूमावशी लेकाकडे राहायला आल्या. पहिल्याच आठवड्यात दोनदा भलत्याच घरात शिरल्या. लोक हसले आणि मावशींनी बाहेर पडणंच सोडलं. दिवसभर गॅलरीत बसून आम्हाला बघायच्या. मला फार वाईट वाटायचं, कारण हसणाऱ्यांत मीही होतो.

*

एक दिवस मावशींनी गावाकडून शेवग्याची फांदी मागवली आणि फाटकाजवळ रोवली. भाजी धुतलेल्या पाण्यावर ती वर्षभरात गॅलरीला भिडली. "आता कोन्ही बी हसा, माझं घर मला सापडतंय," म्हणाल्या आणि रोज आमच्याबरोबर फिरायला लागल्या.

*

कुरिअरवाल्यांनी बंगल्याचा नंबर विचारणं बंद केलं. शेवग्यापासून डावीकडे तिसरा, शेवग्याच्या मागचा, असेच पत्ते सुरू झाले. माझ्या मेव्हण्याच्या लग्नपत्रिकेवरही माझा असाच पत्ता आला, आणि पत्रिका बिनचूक पोचली!

*

मावशींच्या समोर राहतात देशमुख साहेब, कॉलनीचे अध्यक्ष. नियमाप्रमाणे रस्त्याकडेला फक्त शोभेची झाडं हवीत, म्हणून त्यांनी शेवगा तोडायची नोटीस काढली. आम्ही सगळे विनवण्या करून थकलो. मावशी पुन्हा गॅलरीत जाऊन बसल्या.

तोडायच्या दिवशी आम्ही साहेबांच्या फाटकाशीच उभे होतो. झाडं तोडणारे रफिकभाई चौकात चुकले आणि त्यांनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "सरळ या. शेवगा दिसंल, त्याच्या समोरचाच बंगला."

रफिकभाई आले. त्यांनी शेवगा खालून वर पाहिला, मग साहेबांकडे पाहिलं.

"साहेब, बराबर हेच तोडायचं न? मंग पुढल्या बारीला तुमचं घर कसं सापडन?"

साहेब स्वतःच्या कंपाउंडकडे बोट करून म्हणाले, "ही बोगनवेल लई वाढली. ती छाटून टाका."