ओली पट्टी

कात्री विसरली म्हणून मी परत फिरले. नाहीतर मला कधी कळलंच नसतं.

गोठ्यातून, गाईला वळसा घालून, मागच्या दारानं आत गेले. खोलीच्या उंबऱ्याशी पोचले तर सुमनबाई नवऱ्याच्या खाटेजवळ उभ्या. डाव्या हातात तांब्या. उजवा तळहात भरून घेत होत्या आणि नवऱ्याच्या पाठीवर शिंपडत होत्या. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. त्या पाठीवर मी नुकतीच घातलेली पट्टी होती. पांढरी, कोरडी. दहा मिनिटंही झाली नव्हती तिला. ती पिवळी पडली आणि कडेनं गळायला लागली. वासावरून कळलं. गोमूत्र.

नाईकसाहेब पालथे होते, तोंड दाराकडं. त्यांनी मला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

सुमनबाई वळल्या. दचकल्यासुद्धा नाहीत. सारवलेल्या जमिनीवर पाय पडू नये म्हणून बाई जशी सांगते, तितक्या सहज म्हणाल्या,

"थांबा, शिवू नगा. आत्ताच शिंपडलंय."

कात्री कोनाड्यात दिसत होती. मी ती घेतली नाही. आले तशी गोठ्यातून बाहेर पडले.

मी कोण ते सांगते. माझा नवरा शिपाई होता. एकाहत्तरच्या लढाईत गेला. तार आली तेव्हा मुलगी पोटात होती. लढाईत जायबंदी झालेल्या जवानांची घरी जाऊन सेवा करायची म्हणून तालुक्यात एक समिती निघाली होती. तिनं मला सोलापूरला शिकायला धाडलं. जखम धुणं, पट्टी बांधणं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणं, लघवीची नळी साफ ठेवणं. शिकवणाऱ्या नर्सबाई फार कडक होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "घरच्या माणसाचे हात तयार करून यायचं. तू आठवड्यातून तीनदा जाशील. तो माणूस तिथं रोज पडलेला असतो." मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

नाईकसाहेबांचं घर माझ्या वाट्याला आलं. त्याच लढाईत त्यांच्या मणक्यात गोळी बसली होती. कमरेखाली जीव नाही. पडून पडून माकडहाडावर तळहाताएवढी जखम झाली होती. त्यांचे थोरले भाऊ गावच्या सोसायटीचे चेअरमन. सगळं गाव त्यांना चेरमन म्हणायचं. आमच्या समितीतही तेच बसायचे.

पहिल्या दिवशी मी पुढच्या ओसरीवर पाय ठेवला तर चेरमन म्हणाले, "तिकडून. गोठ्यातनं वाट हाय." मी गुमान तिकडून गेले.

का गेले? पोटासाठी, हे खरं. पण तेवढंच खरं नाही. त्या घरात जखमेला हात लावायला कुणी तयार नव्हतं. सख्खा भाऊ नाकाला उपरणं लावून दारातूनच विचारपूस करायचा. सुमनबाई म्हणायच्या, "मला बघवत न्हाय वो." आणि मी म्हणायचे, "राहू द्या, मी आहे ना." मला वाटायचं, यांचं माझ्यावाचून अडतं. त्याचा मला मोठा मान वाटायचा. पू पुसताना मान वाटायचा, सांगायलाही लाज वाटते आता. घरच्यांचे हात तयार करायचं राहून गेलं ते त्या मानापायी. ही माझी चूक. ती मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारत नाही.

नाईकसाहेब माणूस वाईट नव्हता. खोलीत दुसरं कुणी नसलं की हळूच म्हणायचे, "बाई, फौजेत आमी एका मगातनं चहा प्यालोय. तिथं कोन कुनाचा ते कुनी इचारत नव्हतं." मला बरं वाटायचं. पण कुणाचं पाऊल वाजलं की ते गप्प व्हायचे.

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. विहिरींचे तळ दिसत होते. आमच्या वस्तीतल्या बाया पहाटे उठून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. चेरमनांनी आपली सगळी जनावरं पाहुण्यांकडं धाडून दिली होती, एक गाय तेवढी दारात ठेवली होती. भाकड. माणसं मिलोची, त्या रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकर खात होती आणि त्या गाईपुढं रोज कडब्याची पेंढी पडत होती. मला वाटायचं, म्हातारी गाय, जीव लागला असेल घरच्यांचा. इतकी भाबडी मी.

जखम काही भरेना. कडा पांढऱ्या, आतून ओल, वर वास. दर खेपेला जाऊन बघावं तर पट्टी भिजलेली.

"पाणी लागलं का हो?" मी विचारायचे.

"घाम असंल," सुमनबाई म्हणायच्या.

ऊन मरणाचं होतं. मी मानलं. पण मनात शंका शिरली ती शिरलीच, आणि तीही माझ्याच हातांबद्दल. मी नखं मुळापर्यंत कापली. गॉजचं कापड एकदा उकळायचं ते दोनदा उकळलं. औषधाच्या पाण्यात हात घासून घासून कातडं सोललं. चेरमन ओसरीवर चारचौघांत मोठ्यानं म्हणायचे, "हिच्या हाताला गुन न्हाय." ऐकून ऐकून मलाही तेच खरं वाटायला लागलं. घरी पोरगी हात पसरून यायची तर मी सासूबाईंना म्हणायचे, तुम्हीच घ्या तिला. माझ्या हातात काहीतरी खोट आहे असं मला वाटत होतं. माझ्याच लेकराला मी हात लावायला भीत होते.

गोठ्याची वाट मी सोसली असती. आमच्या आज्यांनी त्याहून वाईट सोसलं. पण त्या घरानं मला माझ्याच हातांची किळस आणली. तो अपमान मला अजून पचलेला नाही.

त्या दिवशी एसटीच्या फाट्यावर बसले. एक गाडी आली आणि गेली. आधी मला हसू आलं. तीन महिने मी हात घासत बसले होते आणि खोट होती तांब्यात. मग राग आला. आणि रागाच्या मागून भीती. मी जायचं बंद केलं तर तो माणूस सडून मरणार. मी जात राहिले तरी सडणार, कारण माझा हात लागला की ते शिंपडणार. आणि मेला की नाव माझंच.

तिसऱ्या दिवशी समितीनं मला कळंबला, तालुक्याच्या गावी, बोलावलं. बाजारात एका अडत दुकानाच्या माडीवर समितीची खोली होती. चेरमन आधीच खुर्चीत बसलेले. सेक्रेटरी म्हणजे एक रिटायर सुभेदार, तसा भला माणूस. त्यांनी लिहून ठेवलेला कागद माझ्यापुढं सरकवला. 'माझ्या हयगयीमुळे जखम चिघळली. पुन्हा असे होणार नाही.' खाली सहीला जागा.

"कर बाई सही," सेक्रेटरी म्हणाले. "काम चालू राहील. पदरात पोर आहे तुझ्या."

मी म्हटलं, "जखम का चिघळली ते मला ठाऊक आहे." आणि बघितलं ते सगळं सांगितलं.

चेरमनांना काही वाटलं नाही. उलट माझीच समजूत काढल्यासारखं बोलले, "आमच्या घरची रीत हाय ती. तुला काय तकलीफ झाली? तुझ्या अंगावर तर न्हाय शिंपडलं?"

"मला नाही झाली. जखमेला झाली."

"जखमेला कोन हात लावतंय, त्याच्यावर असतंय ते."

सेक्रेटरी खिडकीतून खाली बघायला लागले. खाली मिलोची पोती उतरत होती. हमाल ओरडत होते. माझ्या नवऱ्याच्या नावाची पाटी समितीनं त्याच खोलीत भिंतीवर लावली होती. शहीद म्हणून. चेरमनांची खुर्ची बरोबर त्या पाटीखाली होती. पाटीला हार चालत होता, बायकोचा हात चालत नव्हता.

टेबलावर भेटीची वही होती. प्रत्येक घरी काय केलं, काय दिसलं, ते त्यात लिहायचं असा नियम. मी ती ओढली आणि लिहिलं: 'जखम भरत नाही. कारण, माझा हात लागल्यावर घरचे लोक पट्टीवर गोमूत्र शिंपडतात. मी बौद्ध आहे.' खाली सही केली. सही मागत होते, ती दिली.

सेक्रेटरी वाचून घाबरले. "असलं वहीत लिहिता येत नाही गं."

"घडलं ते लिहायचं, हे तुम्हीच शिकवलंत."

चेरमन उठले. "उद्यापासनं आमच्या घरात पाय ठिवू नगंस."

सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नगं जाऊस. हानतील तुला."

"हाणू देत. माणूस सडतोय तिकडं."

दुसऱ्या दिवशी मी गेले. पुढून गेले. ओसरीवर सोसायटीचा कडबा मागायला आलेली दहाबारा माणसं उकिडवी बसली होती. चेरमन ताडकन उठले, पण चारचौघांच्या देखत शिपायाच्या विधवेवर हात टाकायचा म्हणजे पंचाईत. तेवढ्या वेळात मी माजघर ओलांडून नाईकसाहेबांच्या खोलीत होते. माणसं दाराशी गोळा झाली.

"नाईकसाहेब," मी म्हटलं, "शिंपडतात ते तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांनी दाराशी गोळा झालेल्यांकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "व्हय."

"माझ्या हाताला गुण नाही म्हणत होते, तेव्हाबी ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"म्या असा पडून हाय, बाई. ह्यांच्या हातनं खातुया. ह्याच घरात ऱ्हायचंय मला. काय बोलू?"

मला त्यांची दया आली. खोटं कशाला बोलू, आली. गोळी झेलणारा माणूस घरात तोंड उघडू शकत नव्हता. पण दया आली म्हणून राग गेला नाही. ते गप्प राहिले म्हणून त्यांची पाठ सडली, आणि वर माझे हात बदनाम झाले. मी मान डोलावून सोडून द्यावं इतकं ते स्वस्त नव्हतं.

मी सुमनबाईंकडं वळले. "हात धुवा. आज तुम्ही करायचं."

"अगं बया! मला न्हाय जमायचं."

"मला तरी कुठं पोटातून जमत होतं? शिकले. तुम्हीबी शिका. मी सांगते तसं करा."

दारातून चेरमन ओरडले, "ही काय तुझी मोलकरीन हाय का?"

"मीही नव्हते," मी म्हटलं.

तेव्हा नाईकसाहेब बोलले. बायकोकडं न बघता, उशीत तोंड ठेवून. "धू हात."

सुमनबाईंनी हात धुतले. जुनी पट्टी सोडवली, वासानं बाहेर पळाल्या, ओकल्या, परत आल्या. मी उशाशी उभी राहून एकेक सांगत होते. उकळून गार केलेलं मिठाचं पाणी घ्या. मधून बाहेर पुसा, बाहेरून आत नको. बोळा परत वापरू नका. आता टिपा. अजून. ओल राहता कामा नये. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पट्टी बसली. वाकडी बसली, पण कोरडी बसली.

माणसांना वाटलं असेल, पट्टीवाली बाई घाबरली, विटाळाचं मान्य केलं आणि लांब राहिली. चेरमनांच्या तोंडावर तसं दिसलंही. मी पुढं झाले आणि माझा उजवा हात, पुरा तळवा, त्या पट्टीवर ठेवला. घट्ट आहे का ते बघितलं, आणि हात तिथंच राहू दिला.

"आता शिंपडा," मी म्हटलं. "कोण शिंपडतं बघू."

चेरमनांनी सुमनबाईंकडं बघितलं. सुमनबाईंनी तांब्याकडं बघितलं आणि पाट पुढं ओढून नवऱ्याच्या पायाशी बसल्या. त्या पट्टीमागं तासाभराची त्यांची स्वतःची मेहनत होती. मी हात काढला आणि पुढच्याच दारानं बाहेर पडले.

हे ऐकून कुणी मला शाबासकी देऊ नये. समितीनं महिन्याच्या आत मला काढलं. वहीतलं ते पान फाडलं, असं मागून कळलं. सुमनबाई रोज पट्टी करत राहिल्या आणि पावसाळ्यापर्यंत जखम सुकली. गावात म्हणतात, गोमूत्राचा गुण. चेरमन तर भर सभेत सांगायचे. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आमच्या लोकांनी फार वर्षं अंगावर घेतली आहे. नाईकसाहेबांनी कधी निरोप धाडला नाही. मीही वाट बघितली नाही.

पुढं शेजारच्या भूम तालुक्यातल्या एका दवाखान्यानं मला तेच काम दिलं. जायबंदी जवान, त्यांच्या म्हाताऱ्या आया, अंथरुणाला खिळलेले बाप. मी आता नव्या घरी गेले की पिशवी उघडायच्या आधी बोलते. सगळ्यांना समोर बसवते आणि सांगते, मी बौद्ध आहे. मी पुढच्या दारानं येणार. माझा हात तुमच्या माणसाला लागणार आणि तुमचे हात मी त्याच जखमेत घालायला लावणार. चालत नसेल तर आत्ता सांगा. मी निघून जाईन, रडणार नाही, दुसऱ्यांदा विचारणार नाही. मग तुमचा माणूस सडला तर का सडला, ते तुमच्या नावानिशी लिहीन. आणि ते पान कुणाच्या हाती देणार नाही.