जिजाबाईंच्या दाताचं खरं दुखणं

पेणकरपाड्यातल्या जिजाबाईंनी शाळा आतून बघितली ती फक्त मतदानाच्या दिवशी. पण लग्नघरी मांडव रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत कुठल्या विधीला कुठलं गाणं, हे विचारायचं ते त्यांनाच. त्या धवलारीण. लग्नातले धवले म्हणायचा मान त्यांचा. पाड्यात पूर्वी अशा पाचजणी होत्या, आता या एकट्याच उरल्या, आणि यांचेच पुढचे दात हलायला लागले.

चाळीस वर्षं मिसरी घासल्यावर दात हलणार नाहीत तर काय करतील, हे सून निशिगंधाचं म्हणणं. निशिगंधा बी.कॉम., माहेर लालबागचं. काही दुखत नसताना डॉक्टरकडे जायची तिला हौस आणि दुखून जीव जात असताना न जायचा सासूचा हट्ट. तिने सासूला मोबाइलवर किडक्या दातांचे व्हिडिओ दाखवले, मिसरीची डबी दोनदा लपवली. जिजाबाई एकच वाक्य फेकायच्या, "वरचा दात कारला का डोले जातान."

आता खरं सांगायचं तर असलं काही जिजाबाई मानत नव्हत्या. त्यांच्या नणंदेचे वरचे सगळे दात गेलेत आणि ती अजून सुईत दोरा ओवते. पण अडाणी माणूस अडाण्यासारखं काही बोललं की शिकलेली माणसं कपाळाला हात लावतात आणि पुढे विचारत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

भीती होती ती गाण्यांची. शेजारच्या सूरजचं लग्न अडीच महिन्यांवर आलं होतं. बोळक्या तोंडाने धवले म्हटले तर पोरं हसणार आणि पुढच्या लग्नापासून नुसता डीजे वाजणार. गाणी कुठे लिहून ठेवलेली नव्हती. जिजाबाईंच्या तोंडून गेली की कायमची गेली. म्हणून बाई गालात लवंग धरून दिवस ढकलत होत्या.

एका शनिवारी निशिगंधाला ऑफिसातून सुट्टी मिळेना, तेव्हा नात सान्वीला बेव्हर्ली पार्कच्या दातांच्या दवाखान्यात न्यायचं काम जिजाबाईंवर आलं. पोरीचा हलणारा दुधाचा दात काढायचा होता आणि पोरगी तोंड उघडायला तयार नव्हती. जिजाबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि हळदीचं गाणं धरलं. सान्वी ऐकत राहिली आणि दात कधी निघाला ते तिला कळलंच नाही. डॉक्टर पूर्वीबेन मात्र जिजाबाईंकडे बघत होत्या, कारण बाईंनी गातानासुद्धा तोंडावरचा पदर सोडला नव्हता.

"मासी, दुखतं ना? भीती कशाची वाटते तुम्हाला?"

इतकं सरळ आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तरही सरळच निघून गेलं. "दात नसले त गाना जमल का मना?"

पूर्वीबेन हसल्या नाहीत आणि खोटंही बोलल्या नाहीत. "पहिला महिना शब्द घसरणार. कवळी बसली की रोज मोठ्याने गायचं, मग जमेल. पण हे दात असेच ठेवले तर भर मांडवात पडतील, तेव्हा काय करणार?"

हे जिजाबाईंना पटलं. त्याच आठवड्यात त्यांनी वरचे चार दात काढून घेतले. मिसरी सोडणं त्याहून कठीण गेलं.

कवळी आली ती तोंडात दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखी वाटायची. 'स' म्हटलं की शिट्टी वाजायची. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना बाई एकच ओळ पन्नासदा घोळवत. शेजारीण विचारायची, "आंटी, शादी किसकी है?" जिजाबाई सांगायच्या, "मेरे दाँत की."

सूरजच्या मांडवात त्यांनी धवला उचलला. पहिल्या ओळीत जीभ अडखळली, दुसरीत नाही. तिसरीला हळद कालवणाऱ्या बायका हात थांबवून ऐकायला लागल्या. जिजाबाईंनी गाणं शेवटपर्यंत मोडू दिलं नाही.

धवला संपल्यावर निशिगंधा जवळ आली. "आई, गाण्यांसाठी घाबरत होतात, हे मला डॉक्टरांकडून कळलं. तुम्ही का नाही सांगितलंत? मी वर्षभर दात काढून डोळे जात नाहीत हेच समजावत बसले."

"तू मना व्हिडिओ दावलास," जिजाबाई शांतपणे म्हणाल्या. "इचारलास कंदी?"

जिजाबाईंनी पुढचा धवला सुरू केला, तेव्हा निशिगंधा निघून गेली नाही. सासूच्या शेजारी चटईवर बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत, चुकतमाकत, मागून ओळ धरायला लागली.